ताम्हिणीला जा, पण आधी कोपऱ्यावरची रुई बघा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय की दर वीकेंडला ताम्हिणी, लोणावळा, महाबळेश्वर करून आता कंटाळा आलाय, जाता येता चार-पाच तास गाडीतच जातात, मुलं (एक नऊ वर्षांचं, एक सहाचं) मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, आईचे गुडघे दुखतात म्हणून ती घरीच राहते. तर घराजवळ निसर्ग म्हणून बघण्यासारखं काही आहे का, कारण "टेकडी तर वर्षातले आठ महिने नुसती वाळलेली असते."

ताई, मी गेली २६ वर्षं जवळपास दर रविवारी वेताळ टेकडीवर लोकांना घेऊन जातोय. आधी झाडांसाठी, मग पक्ष्यांसाठी, आणि आता जे समोर येईल त्यासाठी. त्यामुळे सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी ते "वाळलेली" घेऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. ताम्हिणी तुमच्या घरापासून जेमतेम ५०-६० किलोमीटर, पण तिथे पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो आणि पुण्यात वर्षभरात मिळून ७००-७५० च्या आसपास. सगळा पाऊस घाटमाथ्यावर उतरतो, आपल्या वाट्याला उरलेला. म्हणजे आपल्या टेकड्या हे बिघडलेलं किंवा कुणी तोडून टाकलेलं ताम्हिणी नव्हे, ही मुळातच वेगळी जागा आहे, माळाची, गवताची, पानं गाळणाऱ्या झाडांची. इथलं गवत सोनेरी होतं ते मेलं म्हणून नाही, बी टाकून मोकळं झालं म्हणून. मोईचं झाड डिसेंबर-जानेवारीपासून असं काही उघडं उभं असतं की नवीन माणूस हमखास विचारतो, हे मेलंय का? आणि मी म्हणतो नख लावून बघा जरा सालीला, आत हिरवं आहे. सालईचं तर साल कागदासारखं पापुद्र्यापापुद्र्याने सुटतं आणि डिंकाला धुपाचा वास येतो, मुलांना तो वास एकदा द्या, ती ते झाड परत कधी विसरत नाहीत. हिरवं म्हणजेच सुंदर असं डोळ्यांना लागलेलं वळण आहे ते, घाटातल्या पावसाळी फोटोंनी लावलेलं. ते सुटायला एक उन्हाळा जावा लागतो, पण सुटतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. लांबच्या जागेला आपण वर्षातनं एकदा जातो, ती जशी असेल तशी बघतो आणि परत येतो. जवळच्या जागेचं सगळं बळ आहे ते पुन्हा पुन्हा जाण्यात. आज कळी, चार दिवसांनी फूल, महिन्याने शेंग, आणि मग एक दिवस ती शेंग तडकताना तुम्ही तिथे उभे असता. हे महाबळेश्वरला कितीही पैसे भरले तरी मिळत नाही कारण तिथे तुम्ही राहत नाही. म्हणून माझ्याकडे जो कुणी नवीन येतो त्याला मी पहिल्या दिवशी पक्ष्यांची नावं शिकवत नाही, एक झाड निवडायला सांगतो. घरापासून पाच मिनिटांवरचं, रोज दिसेल असं. वड, पिंपळ, उंबर, काटेसावर, पांगारा, बहावा काहीही चालेल, अगदी शेवगासुद्धा. वर्षभर त्याच झाडाकडे आठवड्यातनं दोनदा जायचं आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. बस, एवढंच, आणि हे एवढंसं काम बहुतेक लोक दुसऱ्या महिन्यात सोडतात कारण त्यांना वाटतं काहीच घडत नाहीये. तिसऱ्या महिन्यापासून घडायला लागतं, म्हणजे घडत आधीपासून असतं, दिसायला लागतं.

झाडाइतकीच मुलांसाठी चांगली गोष्ट म्हणजे रुई. मारुतीला माळ घालतो तीच. तुमच्या आसपास एखादा रिकामा प्लॉट किंवा बांधकाम थांबलेली जागा असेल तिथे रुई असणारच, कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. पान उलटं करा. पांढुरकं, मोहरीपेक्षाही बारीक अंडं एकटंच चिकटवलेलं दिसेल, नाहीतर काळे, पांढरे, पिवळे पट्टे असलेली अळी दिसेल, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही बिबळ्या कडवा नावाच्या फुलपाखराची अळी. आता ती पान खाते कशी ते नीट बघा, घाई करू नका. रुईचा चीक किती चिकट असतो तुम्हाला माहितीये, डोळ्यात गेला तर दवाखानाच. ही अळी पानाच्या खालच्या बाजूने आधी गोल खाच पाडते, म्हणजे त्या गोलात चीक यायचा बंद होतो, आणि मग आतला तुकडा खाते. मी हे पहिल्यांदा बघितलं ते एका बस स्टॉपमागे, बसची वाट बघताना, आणि दोन बस सोडल्या. इतक्या वर्षांनंतर अजूनही ती खाच दिसली की मी थांबतो. चिकातलं विष अळी अंगात साठवते आणि ते पुढे फुलपाखरातही राहतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि म्हणूनच बिबळ्या कडवा इतका निवांत, संथ उडतो, त्याला घाई करायचं कारणच नाही. आणि त्याच्यासारखाच केशरी रंग घेऊन फिरणारी दुसऱ्याच एका जातीची मादी असते जिच्या अंगात विषबिष काही नाही, नुसतं सोंग. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात. म्हणजे तुमच्या कोपऱ्यावरची रुई आणि कुंडीत आपोआप उगवलेली घोळ, एवढ्यात हे सगळं नाटक चालतं. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण तीन-चार आठवडे लागतात, मुलांना रोज शाळेतनं येताना दोन मिनिटं थांबू द्या. अळी घरी बाटलीत आणू नका, तिथेच बघा. आणि रुईला हात लावल्यावर हात धुवायचे, हे पक्कं सांगा.

घराजवळ बघून काय मोठं कळणार असं कुणी म्हणालं तर मी पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं उदाहरण देतो. १९३० साली त्यांना नोकरी नव्हती, अलिबागजवळ किहीमला राहत होते, आणि तिथे घराशेजारीच सुगरणीची वसाहत होती. ते रोज तिथे बसून बघत राहिले, महिनोन् महिने. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन आत-बाहेर करून तपासते, पसंत पडलं तर राहते आणि मग नर ते पुरं करतो, आणि लगेच दुसरं घरटं विणायला घेतो दुसऱ्या मादीसाठी. सुगरण तर आपल्याकडे बहिणाबाईंच्या काळापासून प्रत्येकाने बघितलेली, पण हे कुणी नीट नोंदवून ठेवलं नव्हतं. त्यासाठी कुठल्या मोहिमेवर जावं लागलं नाही, एका जागी बसावं लागलं.

बसण्याचंही एक तंत्र आहे. माणूस चालत आला की आजूबाजूचं सगळं गप्प होतं. पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही आणि लोक नेमके तेव्हाच उठतात. वीस मिनिटं बसा, फोन खिशात, बोलायचं नाही. मुलांना वीस मिनिटं जमणार नाहीत, त्यांना सात-आठ मिनिटांपासून सुरुवात करू द्या, आणि "कोण किती आवाज मोजतं" असं दिलं की ती आपोआप गप्प बसतात. आधी सातभाई परत येतात, कलकलाट करत, पाचोळा उलथत. मग शिंपी, बुलबुल, सूर्यपक्षी. मग कोतवाल येऊन तारेवर बसतो आणि तिथनं झेप टाकून माशी पकडून परत त्याच जागी. या सातभाईंकडे बघताना एक ध्यानात ठेवा, जूनच्या सुमाराला आफ्रिकेकडनं वाऱ्याबरोबर आलेला चातक आपली अंडी यांच्याच घरट्यात टाकतो. अंडी दोघांचीही निळी. ज्या चातकावर आपल्या कवींनी इतकं लिहिलं तो वाढतो तुमच्या सोसायटीतल्या मेंदीच्या कुंपणातल्या सातभाईंच्या जिवावर.

झाड कधी निवडावं? आत्ता. माघ-फाल्गुन हा पुण्यातला सगळ्यात चांगला काळ आहे असं माझं ठाम मत आहे, पावसाळ्यापेक्षाही. काटेसावर पानं टाकून लाल फुलांनी भरते, पाठोपाठ पांगारा, मग पळस, आणि एप्रिल-मेमध्ये बहावा. एका फुललेल्या काटेसावरीखाली सकाळी सात ते आठ उभं राहिलात तर मैना, बुलबुल, कावळे, भोरड्या, सूर्यपक्षी, मधमाश्या आणि खारी एवढे सगळे एका तासात येऊन जातात, फुलं वरनं धप्प धप्प आवाज करत पडत असतात, आणि तुम्हाला कुठे चालावंही लागत नाही, मान तेवढी दुखते. मग शेंगा धरतात आणि मेमध्ये कापूस उडायला लागतो, म्हातारी म्हणून मुलं पकडतात तशीच गंमत.

उन्हाळ्यात तांबट ऐका. टुक टुक टुक असा तांब्याची भांडी घडवल्यासारखा आवाज, मिनिटाला शंभराच्या वर ठोके, आणि हा सगळा आवाज चोच न उघडता, गळा फुगवून काढतो. पक्षी चिमणीएवढाच, हिरवा, कपाळ लाल, म्हणून पानांत सापडत नाही. तो घरटं करतो ते सुकलेल्या मऊ लाकडाच्या फांदीत, शेवगा, पांगारा, गुलमोहर असल्या, आणि भोक बहुतेक वेळा फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत जात नाही. नर-मादी दोघं आळीपाळीने कोरतात. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीत मी असंच एक घरटं रोज बघत होतो, पिल्लांचा आवाज यायला लागला होता, आणि एका सकाळी ती फांदी "वाळलेली आहे, वाईट दिसते" म्हणून कापून टाकलेली. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पण फार वाईट वाटलं, आजही वाटतं. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एवढं तरी बोला की जी सुकी फांदी कुणाच्या डोक्यावर किंवा गाडीवर पडणार नाही ती राहू द्या. वाळलेल्या फांदीवरच शिक्रा बसतो, वेडा राघू बसतो, कोतवाल बसतो.

पावसाळा आपल्याला माहितीये असं वाटतं पण टेकडीचा पावसाळा पायाखाली असतो, वर नाही. पहिल्या सरींच्या सुमाराला, मृग लागता लागता, मातीत मखमली लाल मृगाचा किडा फिरताना दिसतो, दोन-चार दिवस, मग गायब. रानकांदा तर पानं यायच्या आधीच नुसता फुलांचा दांडा वर काढतो. मग पांढरी मुसळी, काळी मुसळीची पिवळी चांदणी, केना, तेरडा, नशिबाने कळलावी. पावशा "पेरते व्हा" ओरडत असतो. ही फुलं नखाएवढी असतात, त्यांच्यासाठी वाकावं लागतं, गुडघ्यावर बसावं लागतं, सहा वर्षांचं मूल या बाबतीत आपल्यापेक्षा फार पुढे असतं कारण ते मुळात जमिनीजवळ आहे.

तुमच्या आईंबद्दल. त्यांना घरी ठेवू नका आणि टेकडीवर ओढूही नका. श्रावणात सपाट रस्त्यावर, बागेत, त्यांच्याबरोबर अर्धा तास फिरा आणि विचारा की यातली पत्री कुठली, भाजी कुठली. आघाडा, माका, दुर्वा, टाकळा, कुर्डू, केना ही नावं त्या पिढीच्या बोटांवर असतात, मंगळागौरीची पत्री त्यांनी स्वतः वेचलेली असते. मी वनस्पतींची लॅटिन नावं पुस्तकांतनं शिकलो पण निम्म्याहून जास्त मराठी नावं अशा आज्यांकडनं शिकलोय, भाजी कोवळी कधी, कडू कधी, हे तर फक्त त्यांच्याकडनंच. मुलांच्या वहीत आजीने सांगितलेलं नाव आजीच्याच अक्षरात लिहून घ्या. आणि बाल्कनीत कढीपत्ता असेल तर तो फुलपाखरांनी खाल्लेला राहू द्या. त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी म्हणजे बहुतेक लिंबाळी, ती मोठी होऊन हिरवीगार होते. फवारू नका. फोडणीपुरती पानं उरतात.

दगडांबद्दल कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. वेताळ टेकडीवर जुनी खाण आहे, पाणी साठलेली, तिथे काठापासून लांब उभं राहून समोरची कापलेली भिंत बघा. हा सगळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, एकावर एक थर. थर मऊ-कठीण असल्यामुळे झिजून टेकड्यांना पायऱ्या पडल्यात, पर्वतीवरनं किंवा सिंहगडावरनं संध्याकाळच्या तिरक्या उन्हात बघा, प्रत्येक डोंगराला त्याच पायऱ्या दिसतील. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर पांढरे स्फटिक तयार झाले, ते तुम्हाला वाटेवरच्या दगडांतही दिसतील. आपल्या वाघोलीच्या खाणीत मिळालेला कॅव्हनसाइट नावाचा निळा स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात, आणि पुण्यातल्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगतो. सप्टेंबरात करडा धोबी येतो, हिमालयाकडनं, शेपटी वरखाली करत नाल्याकाठी किंवा गच्चीवर. वजन वीस ग्रॅमच्या आसपास. वहीत त्याच्या येण्याची तारीख लिहा, पुढच्या वर्षी परत लिहा. माझ्याकडे अशा बऱ्याच वर्षांच्या तारखा आहेत आणि दर वर्षी तो पहिला दिसला की मी घरी फोन करतो, आला म्हणून.

आता काही गोष्टी ज्या माझ्या मते करू नयेत. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका, नवरंग तर अजिबात नाही, मे अखेर ते जून या दिवसांत तो टेकडीवर येतो आणि त्याच्यामागे फोटोवाल्यांची रांग लागते, हा काळ त्याच्या विणीच्या तयारीचा असतो, त्याला उगीच खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला लावू नये. मोरांना बिस्किटं, फरसाण घालू नका. आवाजावरनं पक्षी ओळखणारं मर्लिनसारखं ॲप चांगलं आहे, मीही वापरतो, पण मुलांच्या हातात पहिल्या दिवशी देऊ नका. आधी मुलाला स्वतः वर्णन करू द्या, आकार केवढा, चोच कशी, काय करत होता, आणि स्वतःचं एक नाव ठेवू द्या. माझ्या गटातल्या एका मुलीने वेड्या राघूला "तारेवरचा पोपटी भाला" म्हटलं होतं, मला खरं नाव सांगायची घाई करावीशी वाटली नाही.

आणि झाडं लावायला म्हणून टेकडीवर खड्डे खणू नका. हे वाचून काही जणांना राग येईल पण मी विचार करून लिहितोय. आपल्या टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून पूर्वी ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरीपुष्प किंवा उंदीरमारी, मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं, भराभर वाढतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलतं आणि फोटोत छान येतं. पण त्याच्या दाटीखाली आपली मुसळी, आपलं गवत, आपली नखाएवढी फुलं फारशी उरत नाहीत. मोकळा माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते, खड्यांसारखी दिसणारी. जी जागा आपण बघितलेलीच नाही ती आपल्याला रिकामी वाटते, मग तिथे झाडं लावा, रस्ता काढा, काहीही सुचतं. वेताळ टेकडीवरनं जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय निघाला तेव्हा टेकडीसाठी जी माणसं उभी राहिली त्यातली बरीचशी रोज तिथे चालायला जाणारी होती, आपण कशासाठी उभे आहोत हे त्यांना झाडानिशी माहिती होतं.

सामानात पायात बंद बूट हवेत, दगडाखाली, गवतात हात घालायचा नाही (घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, आपण डिवचलं नाही तर ते आपल्या वाटेला येत नाहीत), पाणी, टोपी, वही, पेन्सिल. दुर्बीण सहा महिन्यांनी घ्या, घेतलीच तर आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची). मुलांना सुरुवातीला भिंग दिलं तर जास्त उपयोग होतो.

तर येत्या रविवारी गाडी काढू नका. तुमच्या भागात फुललेली काटेसावर कुठे आहे ते शनिवारी संध्याकाळी फिरून शोधून ठेवा, लाल दिसते, चुकणार नाही. सकाळी पावणेसातच्या आत झाडाखाली पोहोचा, ऊन चढलं की गर्दी पांगते. आईंसाठी घडीची खुर्ची न्या. आणि पडलेलं एक ताजं फूल उचलून थोरल्याच्या हातात द्या, त्याला जाड पाकळ्या मोजू दे, पाच असतात, मग मधला पुंकेसरांचा झुपका बाजूला करून तळाशी बोट लावू दे. बोट ओलं होईल. वर एवढे सगळे कशासाठी भांडतायत हे त्याला विचारा आणि उत्तर त्याचं त्याला देऊ द्या.